मानसिक आजार पॉलिसीत ‘कव्हर’ आहे म्हणे. मग सगळी बिलं माझ्याच खिशातून का?

नऊचीफास्ट (धागाकर्ती)
धाकट्या भावाला गेल्या पावसाळ्यापासून डिप्रेशनची औषधं चालू आहेत. घरची आठ लाखांची फॅमिली फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा. एजंटकाका आमच्याच बिल्डिंगमधले; पॉलिसी देताना छातीठोकपणे म्हणाले होते, "आता कायदाच आहे, मानसिक आजार कव्हर करावाच लागतो." खोटं नाही बोलले. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम 21(4): शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजारालाही विमा द्यायचा. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं कळवलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा तंबी दिली.

म्हणून कंपनीच्या यादीत सायकियाट्रिस्ट शोधायला बसले. यादी सगळी हॉस्पिटलांची. मुलुंडपासून दादरपर्यंत फोन लावत सुटले. "ॲडमिट करायचंय का?" नाही म्हटलं की "मग कॅशलेस नाही, मॅडम." म्हणजे कंपनी परस्पर बिल भरणार नाही. एका डेस्कवरच्या मुलीनं तर विचारलं, "पेशंट व्हायलंट आहे का?" पेशंट तेव्हा माझ्या शेजारी बसून मटार सोलत होता.

हिशेब ऐका. डॉक्टर महिन्यातून एकदा 1,500, औषधं 900, समुपदेशन दोनदा मिळून 2,400. महिन्याला 4,800, वर्षाला 57,600. त्यातला रुपयाही पॉलिसी देत नाही, कारण 24 तास ॲडमिट नाही. डिप्रेशनवाल्याला बहुतेक वेळा पलंग लागतच नाही. जो उपचार ओपीडीतच होतो, त्यातून ओपीडी वगळायची आणि वर ‘कव्हर’ म्हणायचं, ही धूळफेक आहे.

उलटीगंगा
भावाला बरं वाटो, पण मुद्दा पटला नाही. विमा हा अवचित येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी. दरमहा ठरलेला खर्च त्यात घातलात तर कंपनी तोच प्रीमियममध्ये घालणार आणि वर आपला नफा काढणार. माझ्या वडिलांची शुगरची गोळी, आईचं थायरॉइड, कोण देतं? मला एकाने ओपीडी रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीवर घ्यायचं जोड-कव्हर, दाखवला होता: वर्षाला 5,000 ची मर्यादा, जादा प्रीमियम 3,800. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. कायदा ‘शारीरिक आजारासारखंच’ म्हणतो ना? शुगरच्या ओपीडीला पैसे नाहीत, डिप्रेशनच्याही नाहीत. झाली की समानता.

पार्ल्याची
कागदावरची समानता. शुगर कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर सांभाळतो. सायकियाट्रिस्ट देशात लाख माणसांमागे एकही पडत नाही, म्हणून त्याची फी तशी. आणि ॲडमिट झाल्यावर तरी कुठे सुखासुखी देतात? दिल्लीतल्या एका बाईंचं बिल पाच लाखांच्या वर गेलं. कंपनीने पॉलिसीतल्या 50 हजारांच्या मर्यादेवर बोट ठेवलं. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा बाजूला ठेवून कंपनीला विम्याच्या पूर्ण रकमेपर्यंत दावा द्यायला लावला. आजारी माणसाने आधी बरं व्हायचं की कोर्टात जायचं?

उलटीगंगा
म्हणजे कायदा चालतो, हेच सिद्ध केलंत.

पार्ल्याची
वकील परवडणाऱ्यांसाठी, हो.

तिसरीघंटी
वकील लागतोच असं नाही. ॲडमिशनचा दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे, फी नाही.

आता यादीत सायकियाट्रिस्ट का नसतात ते. माझा नवरा सायकियाट्रिस्ट, मी क्लिनिकचा काउंटर बघते. एक खोली, बाहेर सहा खुर्च्या. खाटा नाहीत, टीपीएचा (कंपनीतर्फे दावे हाताळणाऱ्या एजन्सीचा) डेस्क नाही. कॅशलेसचा करार हॉस्पिटलशी होतो, आमच्यासारख्यांशी कोण करणार? आणि खरं सांगू, पेशंटही अर्धे गप्प राहतात. गेल्याच महिन्यात एक आयटीवाला बिल हातात घेऊन परत आला. "हे एफ 32 खोडा ना मॅडम, एचआरला दिसेल." एफ 32 म्हणजे डिप्रेशनचा कोड. त्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी होती, पैसे मिळाले असते. कोडशिवाय कंपनी पैसे देईना, कोडसकट तो फॉर्म भरेना. शेवटी बिल चार घड्या घालून पाकिटात ठेवलं नि गेला.

ज्यांच्या पॉलिसीत ओपीडी आहे त्यांनी पावतीवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना, तेवढं बघा. समुपदेशकाचं बिल असेल तर आमच्याकडून रेफरल चिठ्ठी लिहून न्या. सायकॉलॉजिस्ट औषध लिहू शकत नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर शंका काढतात.

बोरीबंदर
एवढी झंझट असेल तर नवीन पॉलिसी घेताना आजार सांगायचाच कशाला?

तिसरीघंटी
हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका! लपवलेलं निघालं की उद्याचा हार्टचा दावासुद्धा अडकतो. आधीपासूनच्या आजाराला कव्हर सुरू होईपर्यंतची प्रतीक्षा 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी चार होती. सांगा आणि तीन वर्षं काढा.

केसपेपर
सगळे खासगीच्याच मागे का? केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. पगार 21,000 च्या आत असेल तर ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) ओपीडीसकट सगळं येतं. रात्री-बेरात्री घाबरायला झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात. विम्याशी भांडण्यात निम्मी ताकद घालवण्यापेक्षा केसपेपर काढा.

नऊचीफास्ट
काढला होता. पालिकेच्या एका रुग्णालयात तीनदा गेलो, तिन्ही वेळा समोर वेगळा डॉक्टर. तिघेही चांगले होते, तक्रार नाही. पण पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगताना तिसऱ्या खेपेला भाऊ मध्येच थांबला आणि म्हणाला, "ताई, तूच सांग." शिवाय दर खेपेला माझी अर्धी रजा. स्वस्त आहे, पण फुकट नाही.

केसपेपर
हे मान्य. मग डॉक्टर खासगी ठेवा आणि औषधं त्यांना विचारून जेनेरिक घ्या. तिथे फरक पडतो.

उलटीगंगा
हेच म्हणत होतो. विमा मोठ्या संकटाला राखून ठेवायचा, महिन्याचा खर्च असा कमी करायचा.

नऊचीफास्ट
चार दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांना विचारून जनऔषधीत गेले. दोनपैकी एक गोळी मिळाली. 900 चे 540 झाले. भाऊ स्वतः जाऊन घेऊन आला, परतताना वडापावही आणले. उलटीगंगा, महिन्याचे 360 तुमच्या खात्यावर जमा. पण उरलेल्या 4,440 मध्ये कंपनीचा वाटा अजून शून्यच आहे, आणि रिन्युअलचा एसएमएस मात्र काल वेळेवर आला.