मदत हवी आहे : राइट्स इश्यूमुळे दबलेला शेअर, आईचे हक्क विकावेत की भरावेत?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, धरमपेठेत राहतो. आईच्या डीमॅटमध्ये एका रिटेल साखळीचे 500 शेअर आहेत. नाव मुद्दाम देत नाही. कंपनीने राइट्स इश्यू काढलाय, म्हणजे जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावात नवे शेअर घ्यायची संधी: 5 शेअरमागे 1, भाव 70 रुपये. बाजारात तेव्हा 100 चालू होते.

हिशेब मी मांडला: पाच जुने 500 चे, एक नवा 70 चा, म्हणजे 570 भागिले 6, 95 रुपये. एक्स-राइट्स झाल्यावर (म्हणजे त्यानंतर शेअर घेणाऱ्याला हा हक्क मिळत नाही) 5 रुपयांची घट समजण्यासारखी आहे, तो तोटा नाही. पण भाव 90 वर आलाय आणि व्यवहार एकदम वाढलेत. आईला रात्री झोप नाही, तिच्या पेन्शनमधून साठवलेला पैसा आहे हो.

डीमॅटमध्ये 100 हक्क जमा झालेत; एका हक्कावर एक नवा शेअर 70 ला घेता येतो, किंवा तो हक्क बाजारात विकता येतो. बाजारात असा एक हक्क 18 ला मिळतोय. 18 अधिक 70, म्हणजे 88. मग लोक 90 ला शेअर विकून स्वस्तात हक्क घेतायत, म्हणून दबाव आहे का? की दुकानं तोट्यात असल्यानं कर्ज फेडायलाच पैसा उभा करतायत, ही बाजाराची भीती आहे? मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

नवे शेअर लिस्ट झाल्यावर हा दबाव साधारण किती दिवस टिकतो? हक्क विकले नाहीत आणि 7,000 भरलेही नाहीत तर ते बुडतील, एवढं ठाऊक आहे. हक्कांचा व्यवहार इश्यू संपायच्या आधीच बंद होतो, म्हणून कृपया लवकर सांगा.