एससीपी अर्ध्यावर तुटते. उरलेल्याच फाइली कशा पाठवाव्यात?

जुनीपाने:
गिरगावातील एका वाचनालयात आम्ही चार-पाच जण जुन्या मासिकांची पाने स्कॅन करतो. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडे असते आणि आठाच्या ठोक्याला कार्यवाह काका मेन स्विच बंद करून कुलूप लावतात. त्यात कोणालाही सवलत नाही. स्कॅन केलेल्या टिफ फाइली भाड्याने घेतलेल्या एका लिनक्स सर्व्हरवर एससीपी या फाइली पाठवण्याच्या आदेशाने पाठवायच्या आहेत. एकूण ऐवज ४० जीबी आहे आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम अडीच एमबी. या हिशेबाने साडेचार तास लागतात आणि आमच्या हाती तीनच असतात. त्यातही गेल्या आठवड्यात गल्लीतील रस्ता खोदताना केबल तुटली आणि टर्मिनलवर ‘ब्रोकन पाइप’ उमटले. एससीपी पुन्हा चालवली की ती पहिल्या फाइलीपासून सुरुवात करते. शिवाय एससीपी आता कालबाह्य झाली आहे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. काय करावे?

फाइली मॅकला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर आहेत. त्यांतील काही भाग पूर्वी दुसऱ्या सहकाऱ्याने आपल्या उबुंटू लॅपटॉपवरून सर्व्हरवर चढवला होता. सर्व्हरचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) नेहमीचा २२ नसून २२२२ आहे.

रात्रपाळी:
टीमक्स वापरावे. संपर्क तुटला तरी टीमक्समधील काम चालू राहते.

खटपट्या:
रात्रपाळी यांचा सल्ला एरवी योग्य आहे, पण इथे तो लागू पडत नाही. टीमक्स कामाला येते ते दूरच्या यंत्रावर सुरू केलेले काम जिवंत ठेवण्यासाठी. इथे फाइली पाठवणारे यंत्र वाचनालयातच आहे आणि आठ वाजता त्याचे इंटरनेटच जाते.

तुम्हाला आरसिंक ही दोन्हीकडच्या फाइली ताडून फरकच पाठवणारी आज्ञावली हवी. ती मॅकवर असतेच, सर्व्हरवरही असल्याची खात्री करून घ्या. तिला ए, व्ही आणि कॅपिटल पी हे तीन पर्याय द्या. ‘ए’मुळे उपफोल्डर, परवानग्या आणि फाइलींच्या वेळा जशाच्या तशा जातात, कॅपिटल ‘पी’मुळे प्रगती दिसते आणि अर्धवट गेलेली फाइल फेकून न देता ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तोच आदेश पुन्हा दिला की आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाइली ती वगळते आणि अर्धवट फाइलीचा उरलेला भागच पाठवते.

पहिल्या दिवशी एक गोष्ट खटकेल. एससीपीने लहान ‘पी’शिवाय चढवलेल्या फाइलींवर सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ पडलेली असते, मूळची नव्हे. त्यामुळे आरसिंकला त्या बदललेल्या वाटतील आणि ती त्या पुन्हा हाताळू लागेल. घाबरून थांबवू नका. अशा वेळी ती दोन्हीकडच्या फाइलींच्या तुकड्यांच्या बेरजा ताडून पाहते आणि फक्त न जुळणारे तुकडे पाठवते. डिस्क वाचायला वेळ लागतो, पण तारेवरून फारसे काही जात नाही, आणि शेवटी वेळाही दुरुस्त होतात. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली ही आज्ञावली आणली ती याच युक्तीच्या जोरावर.

मॅक झोपू नये म्हणून आदेशाच्या आधी ‘कॅफिनेट’ लिहावे. नाव सार्थ आहे, मात्र झाकण मिटले तर त्याचाही इलाज चालत नाही.

परळकर:
एससीपीबद्दल. एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) आणि एससीपी हे आदेश ज्या संचात येतात त्या ओपनएसएसएचच्या ८.० या आवृत्तीसोबत २०१९ साली तिच्या कर्त्यांनीच एससीपीचा प्रोटोकॉल जुनाट आणि ताठर असल्याचे लिहून एसएफटीपी (फाइली पाठवण्याचा नवा प्रोटोकॉल) किंवा आरसिंक वापरण्याचा सल्ला दिला. पुढे एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीत एससीपी हा आदेश तसाच ठेवून आतून एसएफटीपी वापरली जाऊ लागली. तेव्हा तुमचे सहकारी अर्धे बरोबर आहेत: आदेश मोडीत निघालेला नाही, आतले यंत्र बदलले आहे. एखाद-दुसरी फाइल पाठवायला मी आजही एससीपीच वापरतो.

पोर्टच्या बाबतीत मात्र या कुटुंबात एकवाक्यता नाही. एसएसएचला पोर्ट लहान ‘पी’ने सांगायचा, एससीपीला कॅपिटल ‘पी’ने, कारण तिथे लहान ‘पी’ वेळा जपण्यासाठी आधीच अडवलेला आहे. आणि आरसिंकच्या कॅपिटल ‘पी’चा पोर्टशी काही संबंधच नाही. त्यापेक्षा आपल्या होम फोल्डरमधील एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत सर्व्हरचे टोपणनाव, पत्ता आणि पोर्ट एकदाच लिहून ठेवावा. तिन्ही आदेश तो तिथूनच उचलतात.

आणखी एक. आरसिंकला मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर त्याच्या आतला माल जातो, न दिला तर तो फोल्डरच उचलून आत ठेवला जातो. या एका तिरप्या रेघेपायी माझ्याकडे ‘स्कॅन’च्या पोटात दुसरा ‘स्कॅन’ तयार झाला होता. म्हणून पहिल्यांदा ‘एन’ पर्याय देऊन रंगीत तालीम करा: काय होणार ते दिसते, होत काहीच नाही. ‘डिलीट’ हा पर्याय तर तालमीशिवाय कधीच देऊ नका.

जुनीपाने:
दोघांचेही आभार. दोन संध्याकाळी पुरतील असे वाटले होते, लागल्या तीन. सगळ्या फाइली पोहोचल्या आहेत, पण सर्व्हरवर विचित्र प्रकार दिसतो. ‘पहिल्या_वर्षाचे_अंक’ आणि ‘चौथ्या_वर्षाचे_अंक’ हे फोल्डर एकेकदाच आहेत. ‘दुसऱ्या_वर्षाचे_अंक’ आणि ‘तिसऱ्या_वर्षाचे_अंक’ मात्र दोन-दोनदा आहेत. नावे अक्षरश: सारखी आहेत. एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर कसे राहू शकतात? ती बाहेरची डिस्क ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे.

खटपट्या:
नावे सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. दोषी आहे आपला ‘ऱ्या’.

युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे ०९३१ क्रमांकाचे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण तेच ०९३० चा ‘र’ आणि त्यापुढे ०९३सी चा नुक्ता अशा जोडीनेही लिहिता येते. उबुंटूवर टंकलेले नाव पहिल्या रूपात तसेच राहते. तुमच्या डिस्कवरची पद्धत मात्र फाइल ठेवतानाच नावातील अशी अक्षरे फोडते. लिनक्स नावाकडे नुसते बाइट म्हणून पाहते: एका ‘ऱ’चे तीन बाइट, दुसऱ्याचे सहा, म्हणून त्याच्या लेखी हे दोन निराळे फोल्डर. पहिल्या आणि चौथ्या वर्षाच्या नावात हा ‘ऱ’ नाही, म्हणून ती सुटली. तुमची तिसरी संध्याकाळही यातच गेली, कारण ते दोन फोल्डर आरसिंकने नव्याने पाठवले.

यावर आरसिंकचाच ‘आयकॉन्व्ह’ हा नावांची लिपीपद्धत बदलणारा पर्याय आहे. त्याला आधी आपल्याकडची लिपीपद्धत ‘यूटीएफ-८-मॅक’ आणि स्वल्पविरामानंतर पलीकडची ‘यूटीएफ-८’ सांगायची. मॅकसोबत पूर्वी वर्षानुवर्षे मिळत असलेल्या २.६.९ आवृत्तीत तो नाही, ३.० पासून पुढे आहे; होमब्रू या मॅकवर आज्ञावल्या बसवण्याच्या साधनातून नवी आरसिंक घ्या.

जुनीपाने:
नवी आवृत्ती घेऊन ‘आयकॉन्व्ह’, ‘डिलीट’ आणि ‘एन’ असे एकत्र दिले. तालमीत पुसण्याच्या यादीत नेमके ते दोन जुळे फोल्डर आणि त्यांतील पानेच आली, बाहेरचे काहीही नाही. त्यानंतर ‘एन’ काढून आदेश दिला. साडेसात वाजता काम आटोपले आणि काकांनी स्विच बंद करण्यापूर्वी एक पेटी स्कॅनही झाली.