सेफ्टी शूज कोणते घ्यावेत? अर्जंट

सेंट्रिंगवाला:
साइटवर सेफ्टी शूज टिकतच नाहीत. पाऊस लागला की सोल एकीकडे, कातडं एकीकडे. दुकानदार म्हणतो सगळे हाच माल नेतात. जोडी हजार-बाराशेत बसली पाहिजे. ब्रँड आणि मॉडेल सांगा, सोमवारच्या आत घ्यायचेत. कृपया लेक्चर नको.

कसबेकर:
काम कसलं ते लिहा की राव. वेल्डिंग? वायरिंग? गोडाऊन?

दोहाकर:
डोळे झाकून एस-३ घ्या. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला या दर्जाचा शिक्का असतो. एस-१ म्हणजे टो-कॅप, बोटांवरची कडक टोपी आहे, पण पाणी आत येणार. एस-२ पाणी अडवतो. एस-३ मध्ये त्यावर खिळा अडवायला तळात प्लेट आणि खोल नक्षीचा सोल. इथे कतारमध्ये त्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत.

सेंट्रिंगवाला:
बांधकाम हो, काँक्रीटसाठी फळ्या ठोकायचं. नावात लिहिलंय ना.

रेवती_सेफ्टी:
दादा, नावावरून सेंट्रिंग कळलं. पण पाय कशात असतात? कोरड्या फळ्यांवर, चिखलात, की ओल्या काँक्रीटमध्ये? तिन्हींना बूट वेगळे लागतात.

सेंट्रिंगवाला:
तिन्ही. हिंजवडीला बेसमेंटचं काम आहे. राफ्ट म्हणजे पायाचा स्लॅब भरायचा, मग कॉलम. खड्ड्यात पाणी असतंच, पंप चालू असतो.

निवृत्त_ओव्हरसियर:
आमच्या वेळी कालव्याच्या कामावर माणसं टायरच्या चपला घालून उभी राहत, त्यांचे पाय काही गळून पडले नाहीत. साधे काळे गमबूट घ्या, स्वस्तात मस्त. आणि हो, स्टीलचा टो घेऊ नका. वजन पडलं की पत्रा आत वळतो आणि बोटं छाटतो. कंपोझिट, म्हणजे फायबरचा घ्या.

रेवती_सेफ्टी:
काका, हे छाटण्याचं प्रत्येक साइटवर ऐकते. सेफ्टी शूजचं भारतीय मानक आयएस १५२९८, त्याच्या भाग २ प्रमाणे टो-कॅपला २०० जूलचा मार सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन १ मीटरवरून. ज्या माराने ती कॅप वाकून आत येईल, त्या माराने साध्या बुटात बोटांचा चेंदाच झाला असता. कंपोझिट हलकं असतं, घ्यायला हरकत नाही. पण कारण ते नव्हे.

आणि साध्या काळ्या गमबुटाला ना टो असतो ना तळाला प्लेट. फळ्या काढल्यावर वर तोंड करून पडलेला खिळा सरळ पायात.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, मी पुस्तकातलं सांगत नाहीये, पाहिलेलं सांगतोय.

दोहाकर:
प्लेटवरून आठवलं, कापडी प्लेट की स्टील हेही बघा. कापडी हलकी असते, पूर्ण तळ झाकते. पण जुन्या चाचणीतला खिळा ४.५ मिमी जाड. सेंट्रिंगचे खिळे त्याहून बारीक, ते कापडातून जाऊ शकतात. म्हणून २०२२ च्या आयएसओ मानकात ३ मिमी खिळ्याचा वेगळा वर्ग केलाय. तुमच्या कामाला स्टीलचीच प्लेट.

वायरमन_सांगली:
लाइटचं काम असेल तर अँटिस्टॅटिक लिहिलेला बूट शॉकपासून वाचवतो असं समजू नका. इन्सुलेटेड वेगळा मागावा लागतो.

कसबेकर:
लाइटचं कुणी विचारलंय?

वायरमन_सांगली:
खड्ड्यात पाणी आणि पंप चालू आहे म्हणाले. आधी ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, आहे का ते बघा, बूट नंतर.

सेंट्रिंगवाला:
ईएलसीबी आहे. आता एकच नाव सांगा. माझ्या एका पोराच्या घोट्याला आणि टाचेला फोड आलेत, बूट चावतोय. बाकीची पोरं आता बूट घालायला बघेनात.

रेवती_सेफ्टी:
थांबा. फोड काँक्रीट भरल्याच्या दिवशीचे का? कातडी लाल किंवा काळपट पडली आहे का?

सेंट्रिंगवाला:
हो, राफ्ट भरला त्या रात्री. आधी काहीच नव्हतं. मोजे ओले होते. पांढरट झालंय, मध्ये काळं. हळद लावलीय.

रेवती_सेफ्टी:
दादा, हा बूट चावलेला नाही, सिमेंटने भाजलंय. ओल्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, चुन्यासारखं जाळतं. सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस तसाच काम करत राहतो आणि तासांनी कळतं. काळं पडलंय म्हणजे खोल असू शकतं, आज दवाखान्यात न्या आणि ओलं सिमेंट लागलं होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हळद, टूथपेस्ट, काही लावू नका. पुढे कधी काँक्रीट बुटात गेलं तर लगेच बूट-मोजे काढून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं पाय धरायचा.

तुमचे बूट का फाटतात तेही यातच आलं. कातडं त्या काँक्रीटने कडक होऊन तडकतं. भरण्याच्या दिवशी कातडी बूट नकोच. गुडघ्याखालपर्यंतचा गमबूट, स्टील टो आणि स्टील मिडसोलवाला (तळात स्टीलची प्लेट), शिक्का एस-५. पँट बुटाच्या बाहेर, आत खोचली की मिश्रण घरंगळून आत जातं. फळ्या लावताना-काढताना कातडी एस-३. एकाच बुटात दोन्ही कामं होत नाहीत.

कसबेकर:
आणि जुना साठा घेऊ नका. पीयू (फोमसारख्या प्लास्टिकचा) सोल नुसता पडून राहिला तरी दमटपणाने भुसभुशीत होतो. बुटावर बनवल्याचा महिना-वर्ष असतं, ते बघा. आयएसआयचा नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. रविवार पेठेत बोहरी आळीत चार दुकानं फिरा, भाव लगेच उतरतो.

सेंट्रिंगवाला:
त्याला घेऊन निघालो. पण दोन-दोन जोड म्हणजे माझं दिवाळं. तेरा माणसं आहेत, त्यात बायकाही. मजुरीतून थोडं थोडं कापलं तर?

रेवती_सेफ्टी:
कापता येत नाही, सुरक्षेचं सामान मालकाच्याच खर्चाने. गमबूट सगळ्यांना नको, भरायला उतरणाऱ्यांनाच. मुख्य कंत्राटदाराकडे लेखी मागा.

माणदेशी:
माणसांची सरकारच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? सुरक्षा संच मिळतो, त्यात बूट असतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एजंटाला पैसे देऊ नका.

गृहिणी_नाशिक:
तो भांड्यांचा संच पण याच मंडळाचा ना? आमच्या शेजारणीला मिळाला. कुकर चांगला आहे का?

माणदेशी:
मंडळ तेच, ताई. कुकरचं माहीत नाही.

भटक्या:
हे एस-३ बूट हरिश्चंद्रगडाला चालतील का? ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा स्वस्त दिसतायत.

दोहाकर:
चालतील, पण उतारावर बोटं टो-कॅपवर आपटून नखं काळी होतील. स्वानुभव.

सेंट्रिंगवाला:
डॉक्टर म्हणाले भाजलंच आहे. ड्रेसिंग केलं, परवा परत बोलावलंय. गमबूट सांगितलेत. पण बायकांना ४ नंबर लागतो आणि दुकानात ६ च्या खाली काही नाही. दोन मोजे घालून ६ चालेल का?

रेवती_सेफ्टी:
नको, सैल बूट चिखलात पायातून निघतो आणि वरून काँक्रीट आत येतं. ४-५ नंबर बनवतात, दुकानदार ठेवत नाही एवढंच. ऑर्डर देऊन मागवा. येईपर्यंत त्यांना भरायला उतरवू नका.

निवृत्त_ओव्हरसियर:
वर्तमानपत्राचा बोळा घाला पुढे. आम्ही तेच करायचो.