एन४ निघाली, पण जपानी बोलायचं कधी?

तळजाई: पुण्यात जपानी शिकवते. नव्या बॅचला विचारलं, का शिकताय? निम्म्यांचं उत्तर, "एन४ काढायचीय." जपानी नव्हे, एन४! म्हणजे जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एक पातळी; एन५ सगळ्यांत सोपी, एन१ सगळ्यांत अवघड. जेएलपीटीत बोलायची परीक्षाच नाही, लिहायचंही काही नाही, नुसते पर्याय निवडायचे. एन४ला १८० पैकी ९० आणि विभागवार किमान गुण मिळाले की सुटलात. क्रियापद शेवटी ठेवायची सवय मराठी माणसाला फुकटात मिळालेली, तरी तोंड उघडत नाही. संवादाच्या तासाला प्रश्न एकच, "हे परीक्षेला आहे का?" म्हणून यंदा आठवड्याचा एक तास मुलांवर सोडलाय. कुणी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणतं, कुणी स्वयंपाकाचे व्हिडिओ. काय शिकायचं हे थोडं तरी शिकणाऱ्याच्या हातात हवं, नाहीतर निकालानंतर वह्या रद्दीत.

हिंजवडी_फेज२: ताई, राग मानू नका, पण हे हौशी लोकांसाठी ठीक. मला एन२ प्रोजेक्टसाठी हवीय, वर कंपनी भत्ता देते. डिसेंबरची तारीख डोक्यावर नसती तर कांजीच्या, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांच्या, वहीला हात लावला नसता. आणि एन५ वाल्याला काय निवडायचं ते कळणार कसं? पोहायला आलेल्याला पहिल्याच दिवशी विचारता का, विहीर कुठली हवी?

शब्दवेडा: भत्त्यासाठी शिकण्यात कमीपणा नाही. पण एन२ असून क्लायंटच्या कॉलवर मुके बसणारे आमच्याही ऑफिसात आहेत, त्यांचं काय? मात्र ताई, तुमचंही अर्धंच पटलं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक ऑन्री ओलेक यांनी १९८१ मध्ये स्वायत्तता म्हणजे स्वतःच्या शिकण्याची सूत्रं हाती घेण्याची क्षमता, असं मांडलं. क्षमता असेल तर ती शिकवावी लागणार. तास मोकळा सोडून ती येत नाही.

तळजाई: मान्य, म्हणून अट घातलीय. काय ठरवलं होतं, काय जमलं, कुठे अडलं, हे तासाच्या शेवटी लिहून द्यायचं.

हिंजवडी_फेज२: म्हणजे गृहपाठच की!

तळजाई: गृहपाठच. विषय तेवढा त्यांचा.

एकलव्य: मी क्लासचं तोंडही पाहिलं नाही, सगळं मोबाइलवर. वाचता येतं, कान तयार झाला. पण केइगो, म्हणजे साहेबाशी बोलायची आदरार्थी रूपं, चुकली तर अ‍ॅप काही सांगत नाही आणि जपानी माणूस तर भिडेपोटी मुळीच सांगत नाही. चूक दाखवणारं कुणीतरी लागतंच. ताई, तुमच्या मोकळ्या तासाला बाहेरचे चालतात का? फी देईन, परीक्षेला मात्र बसणार नाही.