मोठ्या नेटवर्कची जिउ-जित्सू शाखा: शिकवणं चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

कोथरूडची_आई

नमस्कार. मुलगी बारा वर्षांची आहे. शाळेत कराटे शिकली, आता तिला ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडून लढायचा, कुस्तीसारखा खेळ) शिकायचंय. तिचं बघून मलाही वाटतंय की आपणही सुरू करावं (वय 41, व्यायामाची सवय फक्त चालण्याची). बाणेरला एका मोठ्या ब्राझिलियन नेटवर्कची शाखा आहे. जागा स्वच्छ, बोलणं अदबीचं, भिंतीवर संस्थापकांचे आणि वर्ल्ड चॅम्पियनांचे फोटो. शिकवणारे सर पर्पल बेल्ट आहेत. वर्षाची फी एकदम भरली तर सवलत मिळते, आणि गी (सरावाचा जाड पोशाख) त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो.

जगभर शेकडो शाळा आहेत म्हणजे शिकवणं चांगलंच असणार, असं धरून चालायचं का? या खेळातलं मला काही कळत नाही. मग बाहेर बाकावर बसून मी नेमकं काय बघू?

हडपसर_पर्पल

ताई, नेटवर्कचा फायदा खरा आहे, तो आधी सांगतो. उदाहरणार्थ, कार्लोस ग्रेसी ज्युनियर यांनी 1986 मध्ये रिओच्या बारा दा तिजुका भागात ग्रेसी बारा सुरू केलं. या नेटवर्कचा नवशिक्यांसाठी सोळा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यांच्या शाखांमध्ये तोच चालतो. असा क्रम ठरलेला असला की नवा माणूस भरकटत नाही. आज गार्ड (पाठीवर पडून पायांनी केलेला बचाव), उद्या एकदम काहीतरी उडी मारून करायचा प्रकार, असं होत नाही. बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलात तरी तिथे ओळखीची पद्धत मिळते. गी त्यांचाच घ्यायला लावणं हीसुद्धा बऱ्याच नेटवर्कांची रीत आहे, त्यात फसवणूक समजू नका.

पण अभ्यासक्रम हा कागद आहे. फोटोतला चॅम्पियन बाणेरला शिकवायला येणार नाही. शिकवणार आहेत ते सर, त्यामुळे बघायचं त्यांच्याकडे.

ट्रायल क्लासवरून ठरवू नका. त्या दिवशी सगळे तुमच्याशीच बोलत असतात. एखाद्या साध्या बुधवारी जाऊन पूर्ण वर्ग बघा आणि शेवटची वीस मिनिटं, म्हणजे रोलिंग (जोडीदाराशी खरोखरची सराव-झुंज), अजिबात चुकवू नका. डाव दाखवताना जोडीदार हात ढिला सोडतो, तेव्हा आर्मबार (कोपर उलटं ताणायचा डाव) सगळ्यांचाच देखणा दिसतो. रोलिंगमध्ये समोरचा विरोध करतो आणि तिथे शिकवणीची खरी परीक्षा होते.

त्या वेळी सर्वांत तयार मुलाकडे बघत बसू नका. अंगात कसब असलेला पोरगा कुठेही शिकतो. सहा महिने ते वर्ष झालेला, नोकरी सांभाळून येणारा, साधारण अंगाचा माणूस शोधा. कुणी वर चढून त्याला साइड कंट्रोलमध्ये (बाजूने छातीवर आडवं पडून) दाबलं की तो काय करतो? कोपर आत घेऊन, कंबर सरकवून, मध्ये गुडघा घालायचा प्रयत्न करतो का? की दोन्ही हातांनी वरच्याला ढकलत राहतो आणि दमून पडतो? सुटता येईलच असं नाही, तो हरेलही. पण कुठल्या वाटेने सुटायचं हे त्याला माहीत आहे का, ते बघा. असे चार जण वर्षभरानंतरही नुसते ढकलत असतील, तर भिंतीवर कुणाचाही फोटो असो, तिथे शिकवलं जात नाहीये. या एका गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे.

मग सरांकडे बघा. रोलिंग चालू असताना ते फोनवर आहेत की मॅटवर फिरतायत? कुणाची जोडी कुणाशी लावतात? टॅप (हार मानल्याची हाताने थाप) दिल्यावरही कुणी ताणून धरलं तर लगेच आवाज चढवतात का? चूक दाखवताना ‘असं नाही, परत कर’ म्हणून पुढे जातात, की ‘आधी कोपर आत, मग कंबर’ असं क्रमाने सांगतात?

पर्पल बेल्ट शिकवतो याची काळजी नको. मोठ्यांच्या बेल्टचा क्रम व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन, ब्लॅक असा असतो. आपल्याकडे ब्लॅक बेल्ट अजून थोडेच आहेत आणि चांगला पर्पल नवशिक्यांना उत्तम शिकवू शकतो. मात्र बेल्ट कुणी दिला आणि अजूनही त्यांच्याकडे शिकायला जाता का, हे सरळ विचारा. या खेळात हा प्रश्न कुणी अपमान समजत नाही. उलट अभिमानाने सांगतात.

शुक्रवारपेठकर

आमच्या घरात तालमीची परंपरा आहे. वरच्या उत्तरातल्या जोडीच्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. वस्तादाची पारख जोड लावण्यावरून होते. नव्या पोराला रोज वजनदार गड्याच्या अंगावर घातलं तर ते चार दिवसांत आखाडा सोडतं, आणि रोज कच्च्याशीच लढवलं तर वाढत नाही. कोण कुणाशी लढेल हे पोरं आपापसात ठरवत असतील, तर वस्ताद नावालाच आहे.

औंध_फिजिओ

मी स्वतः ब्लू बेल्ट आहे, म्हणून बाईच्या नजरेने सांगते. मॅटवर किती बायका आहेत हे मोजू नका, ब्लू किंवा त्यापुढच्या किती आहेत ते बघा. व्हाइट बेल्ट मुली भरपूर आणि त्यापुढे एकही नाही, असं जुन्या शाखेत दिसलं तर त्या का टिकत नाहीत हे विचारायलाच हवं. मी सुरुवात केली त्या ठिकाणी (नाव घेत नाही) पहिल्याच आठवड्यात नव्वद किलोच्या उत्साही मुलासमोर बसवलं. बरगडी दुखावली आणि सर म्हणाले, सवय होईल. असं शिकवणं मला आजही मान्य नाही. शाखा अगदी नवी असेल तर मात्र वरच्या बेल्टची बाई नसणं समजू शकतं.

शिवाय मॅट रोज पुसतात का ते विचारा. पावसाळ्यात ओलसर मॅटवरून नायटा पसरतो, आणि एकाला झाला की वर्गभर होतो. ज्याला झालाय त्याला घरी पाठवतात का, हेही विचारा.

फी महिन्याची किंवा तिमाहीची भरा. सवलतीपेक्षा मोकळेपणाने सोडता येणं महत्त्वाचं.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. फॉर्म देताना तिथे सांगितलं की नियमित आली तर मुलगी दोन वर्षांत ब्लू बेल्ट होईल. हे शक्य आहे का?

हडपसर_पर्पल

नाही, ताई. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या, म्हणजे आयबीजेजेएफच्या नियमाप्रमाणे ब्लू बेल्ट वयाच्या सोळाव्या वर्षापासून मिळतो. दोन वर्षांनी ती चौदाची असेल. मुलांचे बेल्ट वेगळे असतात: व्हाइट, मग ग्रे, यलो, ऑरेंज, ग्रीन. मोठ्यांनाही ब्लूवर किमान दोन वर्षं थांबावं लागतं आणि ब्लॅक बेल्ट एकोणीस वर्षांच्या आत मिळत नाही.

काउंटरवरच्या व्यक्तीची गफलत असू शकते, म्हणून हाच प्रश्न सरांना विचारा. त्यांनी लगेच दुरुस्त केलं तर ठीक. त्यांनीही दोन वर्षांचंच सांगितलं तर पैसे भरू नका.

आणि मुलांचा वर्ग बघताना पायांच्या डावांकडे लक्ष द्या. हील हुकमध्ये (टाच पकडून पाय पिळायचा डाव) दुखायच्या आधीच गुडघ्याचे लिगामेंट जातात. आयबीजेजेएफमध्ये तो गीच्या स्पर्धेत कुणालाच चालत नाही, आणि गीशिवायच्या स्पर्धेतही फक्त प्रौढ ब्राउन-ब्लॅक बेल्टना 2021 पासून परवानगी मिळाली. मुलांना कुणी तो शिकवताना दिसलं, तर त्या दिवशीच मुलीला घेऊन बाहेर पडा.