पदविकेनंतर थेट द्वितीय वर्ष : गणिताचा पूर्वतयारी वर्ग करावा का?

प्रश्न : मी मुंबईत मेकॅनिकलची पदविका पूर्ण केली असून आता अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेणार आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित आमचे होत नाही; तेव्हा सुट्टीत शुल्क भरून वर्ग लावावा, की घरीच अभ्यास करावा?

उत्तर १ : आधी स्वतःची परीक्षा घ्यावी. तिसऱ्या सत्रात, म्हणजे द्वितीय वर्षाच्या सुरुवातीलाच, गणितात लाप्लास रूपांतर आणि फूरिये श्रेणी हे भाग येतात, आणि त्यांतील बहुतेक उदाहरणे इंटिग्रेशन बाय पार्ट्स (गुणाकाराचे इंटिग्रेशन करण्याची रीत) व पार्शल फ्रॅक्शन (मोठा अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडणे) यांवरच अडतात, असा माझा शिकवण्याचा अनुभव आहे. या दोन्ही रीती पुस्तक न उघडता जमत असतील, तर वर्गाची गरज नाही. कॉम्प्लेक्स नंबर, डी मॉयव्हरचा सिद्धान्त आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह मात्र जरूर पाहावेत.

उत्तर २ : एनपीटेलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) व्याख्याने विनामूल्य आहेत, पण सोडवलेले गणित तपासणारे कोणी नसेल, तर चूक तशीच मुरते. मी तरी लहान वर्गच निवडेन, विशेषतः कल्याण-विरारहून रोजचा लोकल प्रवास सुरू झाल्यावर वेळ उरत नाही म्हणून.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पार्शल फ्रॅक्शन अडले, वर्ग लावतो.