इरकल साडी ८९९ रुपयांत, कॅश ऑन डिलिव्हरी. मागवावी का?

मलप्रभाकाठ
फेसबुकवर एक जाहिरात सारखी समोर येते आहे: "अस्सल हातमाग इरकल, टोप पदर, शुद्ध रेशीम, फक्त ८९९. आज शेवटचा दिवस." वेबसाइटवर पत्ता म्हणून नुसतं "बेळगाव". दुकानाचं नाव कुणाच्या ऐकिवात नाही. आईसाठी दोन घ्यायच्या आहेत. माल हातात आल्यावरच पैसे द्यायचे तर भ्यायचं कशाला, असं घरच्यांचं म्हणणं. ऑर्डर करण्याआधी नेमकं काय बघायचं? आणि गाव खानापूरपासून आत आहे, पार्सल दारापर्यंत न येता परत जातं, त्यावरही काही असेल तर सांगा.

शहापूर_माग
आधी साडीचं बोलू, कारण खोटं तिथंच पकडता येतं. हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा, पदराचा वेगळा. मागावर दोन्हीकडचे धागे फासात फास अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. तेव्हा विक्रेत्याकडे एकच फोटो मागा: पदर अंगाला मिळतो तिथली उलटी बाजू, जवळून, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. जोडाची आडवी ओळ त्यात दिसली पाहिजे. छापलेला पदर उलट बाजूनं फिका पडलेला दिसतो. माल ज्याच्याकडे आहे तो असा फोटो पाच मिनिटांत पाठवतो. नाही तो "मॅडम, सेम पीस मिळेल" एवढंच लिहीत राहतो. जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्येही टाकून बघा. तोच फोटो वेगवेगळ्या नावांच्या दहा पानांवर निघाला तर तो त्यांचा नव्हेच.

किमतीचं म्हणाल तर ८९९ ला इरकल मिळणारच नाही असं नाही. यंत्रमागाची, आर्ट सिल्कच्या (म्हणजे कृत्रिम रेशमाच्या) काठपदराची मिळेल, रोज नेसायला वाईटही नसेल. पण रेशीम नाही मिळणार, नुसता रेशमाचा धागाच किलोला हजारांत जातो. सुती, गर्भरेशमी (सूत-रेशीम मिश्र) आणि पूर्ण रेशमी हे तीन वेगळे माल आहेत, "शुद्ध रेशीम" म्हणणाऱ्याला यातली कुठली ते लेखी विचारा. सिल्क मार्कचं होलोग्राम लेबल आहे का, तेही विचारा. साडी घरी आल्यावर पदराच्या दशीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो.

हिशोबनीस_निपाणी
वेबसाइटच्या तळाशी जीएसटी नंबर शोधा. १५ अक्षरं-अंक असतात, त्यातले पहिले दोन राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४. पत्ता बेळगाव आणि नंबर २४ नं सुरू, म्हणजे नोंदणी गुजरातची. तो काही गुन्हा नव्हे, पण मग "आमच्या मागावरची" हे कशाच्या जोरावर? जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेयर" मध्ये नंबर टाका. लॉगिन लागत नाही. व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, सगळं दिसतं. नाव वेबसाइटशी जुळलं नाही तर नंबर दुसऱ्याचा उचललेला असणार. नंबर नाही म्हणून लगेच ठग म्हणू नका, छोट्या विणकराला नोंदणी सक्तीची नसतेही. पण अशा माणसाकडे किमान फोन उचलणारं कुणी असतं आणि गल्लीचं नाव असतं.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कंपनीचं कायदेशीर नाव, पूर्ण पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावाच लागतो. नुसतं "बेळगाव" म्हणजे पत्ता नव्हे.

आणि तो "आज शेवटचा दिवस"! पान बंद करा, इन्कॉग्निटोमध्ये परत उघडा. ऑफर संपायचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून पळायला लागलं की खोटं समजा. अशी खोटी घाई लावणं केंद्राच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलेल्या १३ क्लृप्त्यांपैकी एक आहे. पैसे भरायच्या पानावर आधीच टिक केलेला विमा किंवा देणगी असेल तर तीही काढा.

कॅम्पातला
घरच्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे *पार्सल* हातात आल्यावर जातात, माल बघितल्यावर नव्हे. कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय पिशवी फोडू देत नाही. उघडून दाखवायची सोय मोजक्याच ठिकाणी असते. तो पैसे पाठवणाऱ्याला पोचवतो आणि त्याचं काम संपलं. आत फडकं निघालं तर त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

म्हणून जे काय बघायचं ते पैसे देण्याआधी लेबलवर बघा. पाठवणाऱ्याचं नाव वेबसाइटवरच्या नावाशी जुळतं का? परतीचा पत्ता कुठला? मालाच्या रकान्यात साडीच लिहिलीय का? वजन छापलेलं असेल तर दोन साड्यांचं पार्सल पाव किलोचं असणार नाही. काही विसंगत दिसलं तर "नको" म्हणून परत करा, घ्यायचं बंधन नाही. ओटीपी मात्र त्याआधी सांगू नका, ओटीपी दिला की माल पोचला अशी नोंद होते. क्यूआरवर पैसे देणार असाल तर पिन टाकण्याआधी वर येणारं नाव वाचा. तिथं कुरिअर कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर थांबा.

घेतलंच तर उघडताना सलग व्हिडिओ करा: आधी लेबल, मग पाकिटाच्या सगळ्या बाजू, मग कात्री, मग साडी पूर्ण उलगडून. मध्ये एकदा जरी थांबवला तरी "बदलून दाखवलं" म्हणायला जागा राहते.

मलप्रभाकाठ
फोटो मागितला, उत्तर नाही. उलट मेसेज आला की ऑर्डर पक्की करायला ९९ रुपये आधी भरा, उरलेले डिलिव्हरीला. सोबत लिंक आहे.

कॅम्पातला
लिंक उघडूच नका. खोटी ऑर्डर टळावी म्हणून थोडी आगाऊ रक्कम घेणारे खरे दुकानदारही असतात, पण ते त्यांच्या साइटच्या चेकआउटवर घेतात. मेसेजमधली लिंक तुम्हाला कार्डाचे तपशील मागणाऱ्या पानावर नेते नाहीतर एपीके फाइल (बाहेरचं ॲप) उतरवायला सांगते. मग प्रश्न ९९ चा राहत नाही, खातंच धोक्यात येतं. "पार्सल अडकलंय, पत्ता अपडेट करायला ५ रुपये भरा" हाही त्यातलाच प्रकार. परतावा मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपच्या आतला घ्या.

लिंकवर काही भरून झालं असेल तर आधी बँकेला सांगून कार्ड किंवा यूपीआय बंद करा आणि लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. जितकं लवकर कळेल तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त. लेखी तक्रार बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात.

उचगाव_नाका
पार्सल परत जाण्याचं कारण बहुतेक वेळा पत्ताच असतो. कंग्राळी बुद्रुक की खुर्द हे लिहिलं नाही तर पार्सल भलत्याच गावात फिरतं. खानापूर भागातही गावाचं पूर्ण नाव, मग वाडा किंवा गल्ली, मग खूण: मारुती मंदिर, दूध डेअरी, शाळा. घर नंबरवर भिस्त ठेवू नका. पिनकोड गावच्या पोस्टात विचारून घ्या, खानापूरचा ५९१३०२ सरसकट टाकू नका. पत्ता इंग्रजीत टाका, कारण डिलिव्हरीची पोरं मराठी, कन्नड कुठलीही असतात आणि ॲप दोन्ही लिप्या नीट दाखवेलच असं नाही. जिल्हा म्हणून बेळगावी लिहा किंवा बेळगाव, फरक पडत नाही, पिन बरोबर हवा. घरात रेंज नसेल तर ज्याचा फोन लागतो त्याचा नंबर द्या आणि ओटीपीचं त्याला आधी सांगून ठेवा.

हिशोबनीस_निपाणी
एक राहिलं. नोंदणीकृत विक्रेत्याकडून खराब माल आला तर आधी तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण त्याला बंधनकारक आहे. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथं मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो तिथं करता येते, म्हणजे विक्रेता सुरतेचा असला तरी केस बेळगावात. मालासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. बिल, लेबलचा फोटो, व्हिडिओ आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. जाहिरातीचा आत्ताच काढून ठेवा, पेज उद्या असेलच असं नाही.

मलप्रभाकाठ
काढला. ऑर्डर केली नाही. बेळगावच्या शहापुरात प्रत्यक्ष बघायचं तर कोंडी कशी ओळखायची, बोटाला कळते का?

शहापूर_माग
कळते. उलट बाजूनं अंगाकडून पदराकडे बोट फिरवा, जोडावर बारीक कंगोरा लागतो. दुकानात पदर पूर्ण उघडून मागा, घडीत तो भाग आत जातो.